पाळीव प्राणी आणि तरुण मुलांचा ताण (इंदूर)

घरात कुत्रा-मांजर असलं की पोरांचं टेन्शन कमी होतं असं सगळेच म्हणतात, आणि ते बरंचसं खरंय, पण प्राणी नुसता घरात असून भागत नाही, त्याला जवळ घेणं, कुरवाळणं, त्याच्याशी खेळणं यातच खरा फायदा आहे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर हे तपासलं, २०१९ मधे ते छापून आलं. काहींनी १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, काहींनी दुसऱ्यांना कुरवाळताना नुसतं बघितलं, काहींनी त्याच प्राण्यांचे फोटो पाहिले आणि उरलेले वाट बघत बसले. नंतर लाळ तपासली तर ज्यांनी हात लावला त्यांच्यात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सगळ्यात कमी निघालं. फ्लोरिडात ७ ते १२ वर्षांच्या मुलांना भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली तेव्हा पण घरचा कुत्रा जवळ असलेल्यांना ताण कमी जाणवला, आईवडील जवळ असलेल्यांपेक्षाही कमी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कुत्रा मार्क विचारत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत कुत्र्याला मान आहेच. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याच्यासोबत कुत्रा असतोच, आणि चंपाषष्ठीला बऱ्याच घरी कुत्र्याला नैवेद्य देतात.

आता दुसरी बाजू. इंदूरच्या भंवरकुआं भागात पीएससीच्या, म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या, क्लाससाठी खोली घेऊन राहणारी मुलं पिल्लू आणतात, आणि मग रेबीजची लस, खाणं, दोन वेळचं फिरवणं, मे महिन्यातलं ऊन, घरमालकाची कटकट हे सगळं एकट्याच्या डोक्यावर येतं आणि ताण उलट वाढतो. लॅब्रेडॉर १०-१२ वर्षं जगतो, परीक्षा दोन-तीन वर्षांत संपते, मग त्याला कोण सांभाळणार? सोडून दिलेलं कुत्रं रस्त्यावर फार हाल काढतं. आणि कुत्रा गेला की दुःख पण खरंच होतं, घरच्यांनी त्याला नाटक म्हणू नये.

एकट्या राहणाऱ्याने मावशीच्या किंवा मित्राच्या घरच्या कुत्र्याला फिरवायला न्यावं हे बरं. वॉशिंग्टनच्या त्या प्रयोगातली कुत्री-मांजरं पण विद्यार्थ्यांची स्वतःची नव्हतीच.