शिडांच्या शर्यतीतले तंटे: निवाडा करायचा कोणी?

शिडाच्या नौकांच्या शर्यतीत शिट्टी फुंकणारा पंच बहुतेक वेळा नसतोच. नियम मोडणाऱ्याने आपण होऊन दंड भरायचा, म्हणजे नौकेला दोन पूर्ण गिरक्या घालून मगच पुढे जायचं. तो तसं करत नसेल तर समोरच्याने ‘प्रोटेस्ट’ अशी हाळी द्यायची, लाल निशाण लावायचं आणि शर्यत संपल्यावर निवाडा करणाऱ्या समितीकडे लेखी तक्रार द्यायची. खेळाडूंनी नियम पाळायचे आणि तेच एकमेकांकडून पाळून घ्यायचे, हे नियमपुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. तरीही गेल्या पावणेदोनशे वर्षांतली गाजलेली भांडणं पाहिली, तर ती नियम काय सांगतो यापेक्षा तो कोणी सांगायचा यावरूनच जास्त चिघळलेली दिसतात.

अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची सर्वांत नावाजलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. ती ज्या शर्यतीतून जन्मली, तिथेही तक्रार झालीच होती. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटाभोवतीच्या शर्यतीत ‘अमेरिका’ ही नौका नॅब दीपनौकेच्या (दिवा लावून नांगरलेल्या खुणेच्या नौकेच्या) आतल्या बाजूने गेली. प्रतिस्पर्ध्याने आक्षेप घेतला. पण स्पर्धकांना मिळालेल्या सूचनाच एकसारख्या नव्हत्या, हे लक्षात आल्यावर तो फेटाळला गेला. त्या काळी प्रत्येक क्लबचे नियम वेगळे असत. १८७५मध्ये ब्रिटनमध्ये यॉट रेसिंग असोसिएशन स्थापन झाली, १९०७मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली (आजची वर्ल्ड सेलिंग), आणि नियम हळूहळू एका छापाचे झाले. निवाडा मात्र क्लबातल्या मंडळींच्याच हातात राहिला.

या इतिहासातलं सर्वांत भांडखोर पात्र म्हणजे आयरिश सरदार लॉर्ड डनरेव्हन. जुलै १८९४मध्ये स्कॉटलंडमधल्या क्लाइडवरच्या शर्यतीत ‘सॅटनिटा’ने त्याच्या ‘व्हल्किरी २’ला धडक दिली आणि ती बुडाली. नुकसान किती द्यायचं, यावर वाद पेटला. जहाजांच्या सर्वसाधारण कायद्यात भरपाईला टनामागे आठ पौंडांची मर्यादा होती आणि ‘सॅटनिटा’चा मालक तिच्याच आडोशाला उभा होता. पण शर्यतीत नाव नोंदवताना दोघांनीही ‘नियमभंगाने होणारी सर्व नुकसानभरपाई देऊ’ या नियमाखाली सही केली होती. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे ठरलं की एकाच नियमावलीखाली शर्यतीत उतरलेल्या स्पर्धकांमध्ये आपापसांत करार होतो, मग ते एकमेकांशी एक शब्दही बोललेले नसोत. डनरेव्हनला पूर्ण भरपाई मिळाली. करारांच्या कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. समितीच्या निर्णयामागचं कायद्याचं बळ कुठून येतं, याचं उत्तरही माझ्या मते इथेच आहे.

हाच डनरेव्हन वर्षभरात पुन्हा वादात सापडला. १८९५च्या अमेरिकाज कपच्या दुसऱ्या शर्यतीत, सुरुवातीच्या गर्दीत, त्याच्या ‘व्हल्किरी ३’चा बूम (शिडाचा आडवा दांडा) अमेरिकेच्या ‘डिफेंडर’च्या दोरखंडात अडकला. ‘व्हल्किरी’ ४७ सेकंदांनी जिंकली, पण तक्रारीनंतर बाद ठरली. तिसऱ्या शर्यतीत सुरुवातीची रेषा ओलांडून तो लगेच मागे फिरला. मायदेशी गेल्यावर त्याने ‘डिफेंडर’मध्ये गुपचूप जादा वजन भरल्याचा आरोप केला. न्यूयॉर्क यॉट क्लबने चौकशी नेमली. तिच्यात बँकर जे. पी. मॉर्गन आणि नौदलाचे इतिहासकार आल्फ्रेड मॅहन होते. आरोप निराधार ठरला आणि डनरेव्हनचं क्लबचं मानद सदस्यत्व गेलं. निष्कर्ष योग्यही असेल. पण ज्या क्लबच्या नौकेवर आरोप, त्याच क्लबने चौकशी समिती नेमली, हे कोणाच्याही नजरेतून सुटणारं नव्हतं.

१९३४च्या अमेरिकाज कपमध्ये ब्रिटनच्या टी. ओ. एम. सॉपविथच्या ‘एंडेव्हर’ने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या होत्या. चौथ्या शर्यतीत अमेरिकेच्या ‘रेनबो’ने आपला हक्काचा मार्ग अडवला, अशी त्याची तक्रार होती. समितीने ती ऐकलीच नाही, कारण निशाण प्रसंग घडताक्षणी लावलं गेलं नव्हतं. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ते समितीच्या नौकेजवळून जाताना दाखवलं तरी चालत असे. ‘रेनबो’ ४-२ने जिंकली. तांत्रिक मुद्द्यावर समितीचं चुकलं असं म्हणता येत नाही, पण मूळ प्रश्नाची सुनावणीच न झाल्याने तो वाद पुढे अनेक वर्षं उगाळला गेला.

गंमत अशी की ‘रेनबो’चा कप्तान हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यानेच पुढे वाटेच्या हक्काचे नियम नव्याने लिहिले. हा गृहस्थ काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाची गुणपद्धत घडवणारा. नियमांची जुळणी हा त्याचा छंदच. जुने नियम व्यापारी जहाजांची टक्कर टाळण्याच्या नियमांतून आलेले होते. त्याने शर्यतीपुरती वेगळी रचना केली: वारा उजव्या बाजूने घेणाऱ्या नौकेला डावीकडून घेणारीने वाट द्यायची, दोघींचा वारा एकाच बाजूने असेल तर वाऱ्याकडच्या नौकेने वाट द्यायची. १९४०च्या दशकात अमेरिकेने आणि १९६०च्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघटनेने ती स्वीकारली. आजचे नियम त्याच सांगाड्यावर उभे आहेत.

निवाड्याची व्यवस्था बदलायला मात्र १९७० उजाडावं लागलं. अमेरिकाज कपच्या दुसऱ्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाची ‘ग्रेटेल २’ अमेरिकेच्या ‘इंट्रेपिड’वर आदळली, पुढे जिंकली आणि बाद झाली. निर्णय पुन्हा यजमान क्लबच्या समितीचा. ऑस्ट्रेलियन संघाचे प्रमुख फ्रँक पॅकर म्हणाले की या क्लबकडे तक्रार करणं म्हणजे बायकोचं गाऱ्हाणं सासूला सांगणं. नियमांच्या अभ्यासकांपैकी अनेकांना तो निकाल बरोबरच वाटतो. पण तो दिला कोणी, हा प्रश्न उरलाच. पुढच्या खेपेला, १९७४मध्ये, आंतरराष्ट्रीय ज्युरी (वेगवेगळ्या देशांतल्या निवाडेकारांची समिती) बसली.

आजच्या सुनावणीत आधी तक्रार वैध आहे का ते पाहतात: हाळी वेळेत दिली का, निशाण लावलं का (सहा मीटरहून लहान नौकांना निशाणाची सूट आहे), लेखी तक्रार मुदतीत आली का. सूचनापत्रकात वेगळं काही नसेल तर शेवटची नौका पोचल्यापासून दोन तासांची मुदत असते. सॉपविथ आज असता तरी याच पायरीवर अडखळला असता. मग दोन्ही पक्ष समोरासमोर बोलतात, एकमेकांना आणि साक्षीदारांना प्रश्न विचारतात, आणि टेबलावर इवल्या नौका सरकवून प्रसंग उभा केला जातो. प्रसंगात हितसंबंध गुंतलेल्याला समितीत बसता येत नाही. डनरेव्हनच्या काळी ही अट असती तर बरंच टळलं असतं.

समिती आधी घटना काय घडली ते लिहिते आणि मग त्यावर नियम लावते. हा क्रम महत्त्वाचा, कारण अपील नियमाच्या अर्थावर किंवा सुनावणीच्या पद्धतीवर करता येतं, घटनेच्या वर्णनावर नाही. रीतसर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय ज्युरीच्या निर्णयावर तर अपीलच नाही. अपिलांतून निवडलेले निर्णय वर्ल्ड सेलिंग प्रसिद्ध करते. त्यांतला पन्नासावा मला विशेष आवडतो. हक्क असलेल्या नौकेने दिशा बदलली, पण टक्कर झालीच नाही, तर दोष कोणाचा? तिला टक्कर होईल अशी खरी आणि रास्त भीती वाटली असेल, तर वाट न देणारीचा. टक्कर होईपर्यंत थांबून आपला हक्क सिद्ध करायची गरज नाही.

कोर्टही या पद्धतीचा मान राखतं. १९९२मध्ये सेंट ट्रोपेजजवळच्या शर्यतीत एका नौकेची टक्कर झाली ती चक्क सॉपविथच्याच ‘एंडेव्हर’शी. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि १९९५मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की शर्यतीत उतरलेल्यांना समुद्रातल्या टक्करविरोधी सर्वसाधारण नियमांऐवजी शर्यतीचे नियम लागू होतात.

दोन नौकांच्या सामन्यात मात्र संध्याकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो. म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंच मोटरबोटीतून नौकांच्या मागे फिरू लागले आणि जागीच दंड देऊ लागले. १९९२पासून अमेरिकाज कपमध्येही. २०१३मध्ये तर उपग्रहावरून मिळणाऱ्या अचूक स्थानाच्या मदतीने ते पडद्यासमोर बसून निर्णय देत होते. तरी त्या वर्षीचा सर्वांत जड दंड ज्युरीच्या खोलीतच ठरला: आधीच्या मालिकेतल्या नौकांत बेकायदा बदल केल्याबद्दल अमेरिकेच्या ओरॅकल संघाला दोन गुण वजा करून अंतिम सामने सुरू करावे लागले. ओरॅकल तरीही ९-८ने जिंकला.