मीटर मोजत नाही, गुणतो

"दोन दिवे आणि चार मोबाईल. एवढ्याला आठ युनिट? काय राव, मीटर पळतोय तुमचा!"

राधानगरीच्या पुढं, दाजीपूरच्या वाटेवर तंबूंचा एक मुक्काम आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार घरं तिथं एक रात्र राहिलो. एका मित्रानं जुन्या व्हॅनमध्ये झोपायची सोय करून घेतली आहे, तीही बरोबर होती. मालकानं प्रत्येक जागेला केबल ओढून फळीवर छोटा सबमीटर बसवलाय. येताना रीडिंगचा फोटो, जाताना रीडिंगचा फोटो, आणि युनिटला 15 रुपये. आमचे आठ युनिटचे झाले 120, आणि आमच्यातल्या एकानं मालकाला वरचं वाक्य ऐकवलं. वाटेत खाल्लेल्या मिसळीचं बिल याहून मोठं होतं आणि ते कुणी वाचूनही बघितलं नव्हतं. मीटर दिसला की मात्र आपल्या प्रत्येकात एक वकील जागा होतो.

मग मी कागद घेतला. 9 वॉटचे दोन एलईडी दिवे दहा तास चालले, म्हणजे 0.18 युनिट. सगळ्यांचे मोबाईल मिळून 0.2 धरा. तांबडा रस्सा आणि भात इंडक्शनवर झाला, 1800 वॉटवर दीड तास: 2.7 युनिट. खरा खादाड निघाला पाण्याचा रॉड. 15 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला साधारण 1570 किलोज्यूल लागतात आणि एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल. म्हणजे बादलीला 0.44 युनिट. सकाळी दहा बादल्या तापल्या, 4.4 युनिट. बेरीज साडेसात. उरलेलं अर्धं युनिट बादलीच्या अंगात आणि वाफेत गेलं. दिवे डोळ्यांना दिसतात म्हणून आपण तेवढेच मोजतो. घरच्या बंबात लाकूड घालणाऱ्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

दराचं म्हणाल, तर मालकाच्या बिलात नुसता वीज आकार नसतो. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हेही असतं. नुसत्या वीज आकाराच्या दरापेक्षा आम्हाला लावलेला दर थोडा जास्त असणारच. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या, उभ्या करायच्या जागांवर या गोष्टीला कायद्याची चौकट आहे: मालकाला स्वतःला पडलेल्या दरापेक्षा चढ्या दरानं वीज विकता येत नाही. युरोपात अशा ठिकाणी निळ्या रंगाचा तीन पिनांचा 16 अँपिअरचा प्लग असतो, पण कित्येक जागी ब्रेकर 6 किंवा 10 अँपिअरचाच. 6 गुणिले 230 म्हणजे 1380 वॉट. आमचा रॉड आणि इंडक्शन तिथं एकत्र लावले असते तर अंधारातच जेवायला बसलो असतो. आपल्याकडं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, त्यामुळं हे वाद आपल्याही वाट्याला येणार.

आता माझ्या आवडीचा भाग. माझ्या टेबलावर उघडून ठेवलेला एक जुना चकतीवाला मीटर आहे, उद्यमनगरातल्या भंगारातून आणलेला. लोक म्हणतात मीटर करंट मोजतो. नाही. मीटर गुणाकार करतो. व्होल्टेज गुणिले करंट, क्षणाक्षणाला, आणि त्याची बेरीज. प्रश्न असा की अ‍ॅल्युमिनियमची एक चकती गुणाकार कसा करते?

चकतीच्या एका बाजूला बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची कॉइल, ती व्होल्टेजची. दुसऱ्या बाजूला जाड तारेचे मोजके वेढे, ते करंटचे. पहिल्या कॉइलचं चुंबकत्व दुसरीपेक्षा पाव आवर्तन मागं पडतं. त्यामुळं दोन्ही एकदम जोरात न येता एकामागोमाग येतात, आणि चकतीला वाटतं चुंबक सरकतोय. तिच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ती त्या सरकत्या चुंबकामागं ओढली जाते. ओढ किती? दोन्ही चुंबकत्वांच्या गुणाकाराइतकी. फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना इटलीच्या गॅलिलिओ फेरारिसनं 1885 मध्ये दाखवली. हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीनं 1889 मध्ये तिच्यावर चालणाऱ्या मीटरचं पेटंट घेतलं.

पण खरी कमाल पलीकडच्या कायमच्या चुंबकाची. तो नसता तर चकती नुसती वेग घेत सुटली असती. तो तिला धरतो, आणि ती जितकी जोरात फिरेल तितकं जास्त धरतो. ओढ आणि लगाम जिथं बरोबर होतात तिथं वेग ठरतो, म्हणून फेरे म्हणजेच युनिट. गंमत अशी की हा लगामाचा चुंबक म्हातारा झाला तर मीटर पळतो, आणि बेअरिंग म्हातारं झालं तर रेंगाळतो.

ओढीत आणखी एक गुणक लपलेला असतो: व्होल्टेज आणि करंट यांच्या लाटा एकमेकींपासून किती सरकल्यात, त्या कोनाची कोसाइन. मोटरचा करंट मागं पडतो, त्यातला काही भाग नुसता येरझाऱ्या घालतो, आणि त्याचे पैसे घरगुती मीटर लावत नाही. म्हणूनच "प्लगमध्ये लावा, बिल 40 टक्के कमी" म्हणणारी डबी घेऊ नका. आत एक कपॅसिटर आणि वर एक हिरवा दिवा. येरझाऱ्या कमी होतील, पण त्यांचं बिल तुम्हाला येतच नव्हतं. मीटरवर चुंबक चिकटवायचा सल्ला देणारा भेटला तर त्याला वीज कायद्याचं वीजचोरीबद्दलचं कलम 135 वाचायला द्या.

तंबूपाशी मात्र इलेक्ट्रॉनिक मीटर होता. तो दोन्ही लाटांचे सेकंदाला हजारो नमुने घेतो, गुणतो, साठवतो आणि ठरावीक ऊर्जा झाली की लाल दिवा मिचकावतो. त्याच्यावर 3200 लिहिलं होतं, म्हणजे युनिटला 3200 मिचकावण्या, प्रत्येकी 1125 ज्यूल. रात्री 9 वॉटचा एकच दिवा उरला, तेव्हा मीटर 125 सेकंदांनी एकदा डोळा मारत होता.

सकाळी एकटा रॉड चालू असताना मित्राच्या मुलानं घड्याळ लावून मोजलं: 30 सेकंदांत 36. रॉडवर 1500 वॉट छापलेलं, तर 40 यायला हव्यात. दोनदा मोजलं, 36 च. म्हणजे 1350 वॉट. शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडलंय, हिशोबानं 230 वरून 218 च्या आसपास. "व्होल्टेज कमी असलं की मीटर पळतो" म्हणणारा त्याचा बाप शेजारीच बसला होता. शेतातल्या मोटरीवरून त्याचं ते मत झालं आहे. मोटर व्होल्टेज पडलं की करंट जास्त खेचते, तापते आणि रिवायंडिंगला जाते, हे खरं. रॉडचं उलटं: मीटर सावकाश चालला आणि बादलीला साडेसतराऐवजी एकोणीस-वीस मिनिटं लागली. युनिट तेवढंच. मुलानं ते बापाला सांगितलं. बापानं मोबाईल काढला, 120 रुपये पाठवले आणि मालकाला विचारलं, "चहा यातच आहे का?"