वळिवड्यात पोलंडची माणसं आली कशी, आणि परत घरी का गेली नाहीत

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला कोल्हापूरजवळचं गांधीनगर म्हटलं की लग्नाचा बस्ता आठवतो, दुसरं काही नाही. पण त्याच जागेवर, म्हणजे वळिवड्याच्या छावणीत, १९४३ ते १९४८ या काळात पोलंडची जवळपास ५,००० माणसं राहत होती, बहुतेक बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. २०१९ ला वळिवड्यात स्तंभ उभा राहिला तेव्हा हे थोडंफार लोकांना कळलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहायला गेले तेव्हा तर सगळ्यांनाच कळलं. आपण आसरा दिला हे खरंय, मला त्याचा अभिमानच आहे. पण ही माणसं घरातून निघालीच का आणि युद्ध संपल्यावर परत का गेली नाहीत, हे फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे.

सुरुवात २३ ऑगस्ट १९३९ ची. मॉस्कोत हिटलरच्या आणि स्टालिनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार केला आणि त्यातल्या गुप्त कलमात पोलंड वाटून घेतला. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून घुसली, १७ ला रशिया पूर्वेकडून. मग फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना रात्री-अपरात्री उठवून मालगाडीच्या डब्यात कोंबून सायबेरिया नि कझाकस्तानात नेऊन टाकलं. जंगलतोड, खाणी, उपासमार. ब्रिटन-फ्रान्स जर्मनीशी लढत होते, रशियाशी भांडण काढायची कुणाची तयारी नव्हती, त्यामुळे या लोकांना सोडवायला कोण येणार?

सुटका झाली ती दयेपोटी नाही. २२ जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला आणि स्टालिनला ब्रिटनची गरज पडली. ३० जुलैला लंडनमध्ये पोलंडच्या परागंदा सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी सह्या केल्या, चर्चिल समोर बसलेले. कैदी सोडायचे, रशियातच पोलिश फौज उभी करायची असं ठरलं. कागदावर शब्द होता ‘माफी’, ज्यांनी काही गुन्हाच केला नव्हता त्यांना माफी! आणि पोलंडची जुनी सीमा परत मिळणार का, हे त्यात स्पष्ट लिहिलंच नाही. त्यावरून पोलिश सरकारातल्या तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले, पण सिकोर्स्कींपुढे हिशोब सरळ होता, आधी माणसं वाचू देत, सीमेचं नंतर बघू. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं, पण त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत पुढे वळिवड्यातल्या लोकांनी मोजली.

रशियात उभ्या राहिलेल्या या पोलिश फौजेचे सेनापती जनरल अँडर्स, त्यांच्या फौजेमागोमाग बायका-पोरंही चालत, रेल्वेनं, मिळेल तसं दक्षिणेला आली आणि १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली, फौज आणि लोक मिळून जवळपास १,१५,००० माणसं. ब्रिटिशांना सैनिक हवे होते, बाकीच्यांचं काय करायचं हा प्रश्नच होता. इराणात आधीच धान्याची टंचाई. मग जगभर विचारणा सुरू झाली, कोण किती घेणार. पूर्व आफ्रिकेत छावण्या झाल्या, मेक्सिकोनं काही घेतले, १९४४ ला न्यूझीलंडनं ७३३ मुलं घेतली. भारतात नवानगर (आजचं जामनगर) संस्थानचे राजे जामसाहेब यांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी आधीच उघडली होती. कोल्हापुरात तेव्हा राजाराम महाराज जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल, आणि अशा वेळी संस्थानानं वळिवड्याची जागा दिली. खर्च पोलिश सरकारचा, म्हणजे ब्रिटनकडून उधारीवर. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं उभं राहिलं. छावणी उघडली त्याच वर्षी, १९४३ ला, तिकडे बंगालात लाखो माणसं भुकेनं मरत होती हेही विसरता येत नाही, कारण दोन्हीकडे राज्य ब्रिटिशांचंच होतं.

छावणी सुरू झाली त्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये रशियातल्या कातिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी उघड झाल्या, त्यांना स्टालिनच्याच पोलिसांनी मारलं होतं. पोलिश सरकारनं रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, तेवढं निमित्त करून मॉस्कोनं संबंधच तोडले. रशियात मागे राहिलेल्यांचा रस्ता बंद.

फेब्रुवारी १९४५ ला याल्टाच्या बैठकीत रूझवेल्ट, चर्चिल, स्टालिन यांनी पूर्व पोलंड रशियाकडेच राहणार हे ठरवून टाकलं, पोलिश सरकारचा एक माणूसही तिथं नव्हता. जुलैत ब्रिटन-अमेरिकेनं लंडनच्या सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या, मॉस्कोच्या मर्जीतल्या सरकारला दिली. आता वळिवड्यात बसलेल्या बाईचा विचार करा. तिचं गाव दुसऱ्या देशात गेलं, तिचं सरकार राहिलं नाही, आणि जे तिला उचलून घेऊन गेले होते त्यांचंच म्हणणं की सगळ्यांना परत पाठवा.

यावर नव्या संयुक्त राष्ट्रांत जोरात भांडण झालं. रशियाच्या बाजूचे देश म्हणत होते मायदेशी जाईल त्यालाच मदत, बाकीचे म्हणत होते जबरदस्ती नाही. १२ फेब्रुवारी १९४६ च्या ठरावात आलं की ज्याची परत न जाण्याची कारणं योग्य आहेत त्याला सक्तीनं पाठवायचं नाही. १९५१ च्या निर्वासित करारात छळाच्या तोंडी कुणाला परत ढकलू नये हे कलम आलं, त्याच्या मागं ही अशी माणसं आहेत. वळिवड्यातले बरेच जण पुढे ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, काही पोलंडलाही. काही इथंच मातीत आहेत, कोल्हापुरात त्यांच्या कबरी आहेत.

पण तो १९५१ चा करार आधी युरोपकडे बघूनच लिहिलेला, फाळणीचे निर्वासित त्यात बसलेच नाहीत, आणि भारतानं आजवर त्यावर सही केलेली नाही. पोलिश लोक कराचीच्या ट्रान्झिट कॅम्पमधून इकडे आले होते. ते गेले आणि त्याच कराचीकडून, सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं त्याच रिकाम्या बराकीत राहायला आली. कापडाची दुकानं त्यांनीच टाकली, आज आपण बस्त्याला जातो ती.