हवाई व उपग्रह प्रतिमांतील झाकलेल्या क्षेत्रांचा शोध

कॅमेऱ्याची दृष्टिरेषा इमारत, झाड किंवा डोंगरकडा यांनी अडल्यामुळे जमिनीचा जो भाग प्रतिमेत उमटतच नाही, तो गणिताने हुडकण्याची ही प्रक्रिया आहे. सावली आणि झाकलेला भाग यांची गल्लत करू नये. सावलीत अंधुक का होईना नोंद असते व ती उजळता येते, झाकलेल्या भागाची त्या प्रतिमेत नोंदच नसते.

दृष्टिरेषा लंबापासून २६ अंश कललेली असेल, तर सपाट जमिनीवरील ३० मीटर उंच इमारतीमागे सुमारे १५ मीटर जमीन दडते. पणजीच्या फोंताइन्हासमधील घरे बैठी किंवा दुमजली असली, तरी आठ मीटर उंचीचे घर याच कोनातून चार मीटर जमीन झाकते आणि तेवढ्यात तिथली अरुंद गल्ली जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. अशा प्रतिमेवरून नेहमीच्या पद्धतीने ऑर्थोफोटो (तिरकसपणाचे दोष काढून नकाशासारखी सरळ वरून दिसणारी केलेली प्रतिमा) केला, तर गल्लीतील बिंदूचा किरण वाटेतल्या छपराला लागतो व छपराचाच रंग उचलला जातो. परिणामी तीच लाल कौले एकदा घरावर आणि पुन्हा शेजारच्या रस्त्यावर उमटतात.

हा दोष टाळण्यासाठी झेड-बफर पद्धतीत प्रतिमेच्या एकाच पिक्सेलवर येणाऱ्या भूबिंदूंपैकी कॅमेऱ्याला सर्वांत जवळचा बिंदू दृश्य मानतात व उरलेले झाकलेले ठरवतात. पद्धत सोपी आहे, पण उंचीच्या प्रतिमानातील (जागोजागची उंची नोंदवणाऱ्या जाळीतील) चौकटींचा आकार प्रतिमेच्या पिक्सेलशी जुळला नाही, तर निकाल चुकतात. कोनाधारित पद्धतीत कॅमेऱ्याच्या थेट खालच्या बिंदूपासून बाहेर सरकताना किरणाचा लंबाशी होणारा कोन वाढत जातो का, हे तपासतात; तो घटला की झाकलेला पट्टा सुरू होतो आणि आधीचा सर्वाधिक कोन ओलांडेपर्यंत टिकतो. कार्टोसॅट-१ (२००५) सारख्या, ओळीओळीने टिपणाऱ्या उपग्रहांत प्रत्येक ओळीचे प्रक्षेपकेंद्र (ती ओळ टिपतानाचे कॅमेऱ्याचे स्थान) वेगळे असते. म्हणून तिथे भूबिंदूपासून उपग्रहाकडे किरण नेत वाटेतला पृष्ठभाग त्याच्या वर येतो का, हे पाहणे सोयीचे ठरते.

मांडवीवरील अटल सेतूसारख्या ठिकाणी मात्र या सर्व पद्धती फसू शकतात. उंचीच्या प्रतिमानात प्रत्येक जागेला एकच उंची असल्याने पूल पाण्यापर्यंत भरीव भिंतीसारखा धरला जातो आणि त्याखालून तिरकस दिसणारे पाणीही झाकलेले ठरते. माडांच्या झावळ्यांची गतही तीच. त्यांच्यामधून दिसणारी जमीन घट्ट छपराखाली गेल्यासारखी मोजली जाते.

सापडलेली पोकळी दुसऱ्या बाजूने घेतलेल्या प्रतिमेतून भरतात. तशी प्रतिमा नसेल, तर जागा रिकामी ठेवून तिच्यावर खूण करावी. शेजारचा रंग पसरून ती भरली, की दोन घरांमधली विहीर किंवा वहिवाटीची पायवाट नकाशावरून पुसली जाते.