यादी उलटी वाचणारी माणसं: ऑस्करवरच्या लुटुपुटीच्या भांडणांची पार्श्वभूमी

जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की सिनेमावेडा माणूस ती यादी उलटी वाचतो. कोण आहे ते नंतर, आधी कोण नाही ते. 'याला कसं काय डावललं?' इथून जी लुटुपुटीची लढाई सुरू होते ती सोहळ्याच्या रात्री पाकिटं उघडली तरी थांबत नाही. काही लढाया तर पन्नास-पन्नास वर्षं चालू आहेत. यात कुणाचं काही जात नाही, तरी आपला चित्रपट हरला की माणूस घरचं पोर नापास झाल्यासारखा बोलतो. आणि यादीतल्या दहापैकी ज्याने दोनच चित्रपट पाहिलेले असतात, त्याचंच मत हमखास सगळ्यात ठाम असतं.

हे आजकालचं खूळ आहे असं समजू नये. भांडण पुरस्काराइतकंच जुनं आहे, आणि पुरस्काराचे बरेचसे नियम या भांडणांतूनच घडलेत.

पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. मेजवानीला अडीचशेच्या वर पाहुणे होते आणि पुरस्कारवाटप पंधराएक मिनिटांत उरकलं. उत्कंठा अजिबात नव्हती, कारण विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झालेली. पण त्या वर्षी सर्वोच्च मान एक नव्हता, दोन होते. 'उल्लेखनीय चित्रपट' ठरला 'विंग्ज': पहिल्या महायुद्धातले वैमानिक, खरी विमानं, डोळे दिपवणारी हवाई दृश्यं. आणि 'अनन्य व कलात्मक चित्रपट' ठरला दिग्दर्शक मुर्नौचा 'सनराइज': परक्या बाईच्या नादी लागलेला शेतकरी, त्याची बायको आणि शहरातला एक दिवस. पुढच्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने दुसरा विभाग बंद केला, आणि पुढे पहिला 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' म्हणून नाव लागलं ते एकट्या 'विंग्ज'चं.

म्हणजे मुळात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक थिएटरं भरवणाऱ्या भव्य चित्रपटासाठी, एक कलेसाठी. त्यातली एक उचलून नेली आणि तेव्हापासून उरलेल्या खुर्चीवर दोघांची ढकलाढकली चालू आहे. माझ्या मते पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादाचं मूळ या उचललेल्या खुर्चीत सापडतं.

डावलण्यावरून उसळलेला पहिला मोठा दंगा अभिनेत्री बेटी डेव्हिसचा. १९३४ च्या 'ऑफ ह्यूमन बाँडेज'मध्ये तिने एक कडवट, स्वार्थी, शेवटी अक्षरशः झिजून गेलेली स्त्री रंगवली. त्या काळी नायिका पडद्यावर इतकं भेसूर दिसायला तयार होत नसत. नामांकनं आली तर अभिनेत्रींच्या विभागात तीनच नावं, आणि त्यांत ती नाही. ओरड इतकी झाली की अकादमीने नमतं घेतलं आणि मतपत्रिकेवर यादीबाहेरचं नाव हाताने लिहायची मुभा दिली. तरीही जिंकली क्लॉडेट कोलबर्ट. तिला स्वतःला जिंकायची आशा नव्हती. ती न्यूयॉर्कची गाडी पकडायला स्टेशनवर पोचली होती, तिथून तिला उचलून आणलं आणि प्रवासाच्याच कपड्यांत तिने ऑस्करचा पुतळा स्वीकारला. हाताने नाव लिहायची ही सवलत पुढच्या वर्षीही टिकली आणि तेवढ्यात एक चमत्कार घडवून गेली. यादीत नसलेला छायालेखक हॅल मोर 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'साठी थेट जिंकला. त्यानंतर ही वाट बंद झाली. यादीबाहेरून जिंकलेला तो एकटाच.

त्याच वर्षी डेव्हिसला 'डेंजरस' नावाच्या बेताच्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं आणि सगळ्यांनी ओळखलं की ही मागची बाकी चुकती केली. इथून चाहत्यांच्या वादांत एक नवं गणित शिरलं, उधारीचं. हे गणित मोठं मजेशीर आहे, कारण एकाची उधारी फेडताना दुसऱ्याची चढते. जेम्स स्टुअर्ट १९४० च्या सोहळ्यात 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'साठी हरला. पुढच्या वर्षी 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी त्याला पुतळा देऊन टाकला, पण त्या वर्षी समोर 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मधला हेन्री फोंडा होता. फोंडाची बाकी चुकायला १९८२ साल उजाडलं. तेव्हा तो इतका आजारी होता की पुतळा मुलीने, जेन फोंडाने, स्वीकारला. अल पचिनोला 'गॉडफादर'च्या दोन्ही भागांनी हुलकावणी दिली, म्हणून १९९३ मध्ये 'सेंट ऑफ अ वुमन'वर पावती फाडली, तर 'माल्कम एक्स'मधला डेन्झेल वॉशिंग्टन रिकाम्या हाताने परतला. मग २००२ मध्ये 'ट्रेनिंग डे'. अशी साखळी जोडत बसायला कसलेल्या चाहत्याला अख्खी रात्र पुरत नाही. 'हे या चित्रपटासाठी नाहीच मुळी' हे वाक्य त्याच्या जिभेवर कायम तयार असतं.

पाकिटाची गोष्ट छोटी आहे. निकाल वर्तमानपत्रांना आधी कळवायचे आणि त्यांनी रात्री अकरानंतर छापायचे, असा रिवाज होता. १९४० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने संध्याकाळच्या अंकातच विजेते छापले आणि पाहुणे निकाल वाचून सोहळ्याला आले. पुढच्या वर्षापासून बंद पाकीट आलं. त्या पाकिटाने लोकांना अंदाज बांधायची चटक लावली. विजेते आधीच माहीत असते तर पैजा कशावर लावल्या असत्या?

१९४२ चा निकाल मात्र या सगळ्या भांडणांचा आद्य ग्रंथ आहे. 'सिटिझन केन'ला नऊ नामांकनं होती, मिळाला फक्त पटकथेचा पुरस्कार. सर्वोत्कृष्ट ठरला जॉन फोर्डचा 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'. पुढे समीक्षकांच्या जागतिक मतदानांत 'केन' दशकानुदशकं पहिल्या क्रमांकावर राहिला, त्यामुळे 'ऑस्करला काय कळतं' म्हणायचं असलं की पहिला दाखला हाच निघतो. मला हा दाखला थोडा अन्यायाचा वाटतो. फोर्डचा चित्रपट वाईट मुळीच नाही. खाणकामगारांच्या वस्तीतलं ते घर आणि एकामागून एक घर सोडणारी मुलं आजही गलबलून टाकतात. पण त्याचं नशीब असं की आता तो 'केनला हरवणारा' एवढ्याच नावाने ओळखला जातो. जिंकून हरणं म्हणतात ते हेच.

मुख्य भूमिका कोणती आणि साहाय्यक कोणती, हा आणखी एक न संपणारा तंटा. साहाय्यक कलाकारांचे विभाग १९३७ च्या सोहळ्यात सुरू झाले, पण भूमिका मोजायची फूटपट्टी कुणी दिली नाही. १९४५ मध्ये त्याचा कळस झाला. 'गोइंग माय वे'मधला म्हातारा पाद्री रंगवणारा बॅरी फिट्झजेराल्ड एकाच भूमिकेसाठी दोन्ही विभागांत नामांकित झाला. मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीने नेला, साहाय्यकचा फिट्झजेराल्डने. लगेच नियम बदलला. युद्धामुळे तेव्हा पुतळे प्लास्टरचे असत आणि घरात गोल्फचा सराव करताना या गृहस्थाने आपल्या पुतळ्याचं मुंडकं उडवलं, हा किस्सा मी कुठलंही निमित्त काढून सांगतो. नियम बदलला तरी फूटपट्टी आलीच नाही. 'नेटवर्क'मध्ये जेमतेम पाच मिनिटं दिसलेली बिआट्रिस स्ट्रेट जिंकते, आणि 'पेपर मून'मध्ये जवळजवळ प्रत्येक दृश्यात असलेली दहा वर्षांची टेटम ओनीलही 'साहाय्यक' म्हणूनच जिंकते. स्टुडिओला जिंकायची संधी जिथे दिसते तिथे तो आपल्या कलाकाराचा प्रचार करतो, आणि चाहते त्याला सरळ लबाडी म्हणतात.

१९५३ पासून सोहळा टीव्हीवर दिसू लागला. निकाल ऐकणं वेगळं आणि हरणाऱ्याचा चेहरा पडद्यावर बघणं वेगळं, त्यामुळे घराघरांत पंच तयार झाले. 'रॉकी'ने 'टॅक्सी ड्रायव्हर'ला मागे टाकलं (१९७७), 'ऑर्डिनरी पीपल'ने 'रेजिंग बुल'ला (१९८१), 'शेक्सपिअर इन लव्ह'ने 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ला (१९९९). २००६ मध्ये 'ब्रोकबॅक माउंटन' जिंकणार हे जवळपास सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. जॅक निकल्सनने पाकीट उघडून 'क्रॅश' म्हटलं आणि पाठोपाठ त्याच्याच भुवया वर गेल्या. तो क्षण लोक अजून पुन्हा पुन्हा लावून बघतात. १९९५ च्या सोहळ्याचं तर तिहेरी आहे: 'फॉरेस्ट गंप' जिंकला, 'पल्प फिक्शन'चे चाहते अजून रुसलेले आहेत, आणि सात नामांकनं मिळूनही कोरा परतलेला 'द शॉशँक रिडेम्प्शन' आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या प्रेक्षकांच्या यादीत वर्षानुवर्षं शिखरावर बसला आहे.

ऑस्करचा एक विनोदी भाऊही आहे. १९८१ मध्ये जॉन विल्सन नावाच्या प्रचारलेखकाने ऑस्करच्या रात्री स्वतःच्या दिवाणखान्यात मित्रांना जमवून वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांना पुरस्कार दिले. ते 'रॅझी'. पण गंमत बघा, वाईट ठरवण्यावरही एकमत होत नाही. पहिल्याच वर्षी वाईट दिग्दर्शकांच्या यादीत 'द शायनिंग'साठी स्टॅन्ली कुब्रिकचं नाव होतं, आणि आज त्यावरून रॅझीचीच टर उडवली जाते. हॅली बेरी मात्र २००५ मध्ये 'कॅटवुमन'साठीचा रॅझी घ्यायला स्वतः हजर झाली, हातात आपलं खरं ऑस्कर धरून.

मग आलं २००९. बॅटमॅनच्या 'द डार्क नाइट'ला आठ नामांकनं होती, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत तो नव्हता. चाहत्यांचा असा गदारोळ झाला की त्या जूनमध्ये अकादमीने पाचऐवजी दहा चित्रपट घ्यायचं जाहीर केलं. १९४५ च्या सोहळ्यापासून रूढ असलेली पाचांची मर्यादा मोडली. चर्चेत 'द डार्क नाइट'चं नाव निघालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल, अशी कबुली अकादमीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच दिली.

दहा चित्रपट आले म्हणजे मतं फुटणार, म्हणून या एका विभागासाठी पसंतीक्रमाचं मतदान आणलं. हे नीट कळलं की निम्मी भांडणं कळतात. समजा नऊ मित्र मतदान करतायत. चौघांची पहिली पसंती एका भव्य युद्धपटाला, तिघांची एका हळव्या कौटुंबिक चित्रपटाला, दोघांची एका तिरकस विनोदी चित्रपटाला. निम्म्याहून जास्त म्हणजे पाच मतं कुणालाच नाहीत. मग सगळ्यात मागचा विनोदी चित्रपट बाद होतो आणि त्या दोघांच्या पत्रिका त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. दोघांनीही दुसऱ्या क्रमांकावर कौटुंबिक लिहिला असेल, तर तिघांचे पाच होतात आणि युद्धपट हरतो. चौघे ओरडणार, 'सगळ्यात जास्त पहिली मतं आमची!' बाकीचे म्हणणार, 'पण आम्हा पाचांना तुमच्यापेक्षा हा बरा वाटला.' दोन्ही म्हणणी खरी आहेत. २०१९ मध्ये 'ग्रीन बुक'ने 'रोमा'ला मागे टाकलं तेव्हा चाहत्यांनी हेच गणित पुढे केलं: ही पद्धत कुणाच्या जिवाभावाच्या चित्रपटाला नाही, कुणालाच फारसा न खुपणाऱ्या चित्रपटाला निवडते. प्रत्यक्ष मतांचे आकडे अकादमी जाहीर करत नाही, त्यामुळे हा आरोप सिद्धही होत नाही आणि मिटतही नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये अकादमीने 'लोकप्रिय चित्रपटा'साठी वेगळा पुरस्कार जाहीर केला. म्हणजे १९२९ ची दुसरी खुर्चीच माळ्यावरून खाली काढली, फक्त आता अपमान कलेचा न होता लोकप्रियतेचा होणार होता. सगळ्यांनी इतकी खिल्ली उडवली की महिन्याभरात ती पुन्हा माळ्यावर गेली. २०२२ मध्ये ट्विटरवर चाहत्यांचा कौल घेतला, तर जिंकला झॅक स्नायडरचा झाँबीपट 'आर्मी ऑफ द डेड'. स्नायडरचे चाहते किती संघटित आहेत ते त्यातून कळलं, बाकी फारसं काही कळलं नाही.

त्यानंतरची गाजलेली जुगलबंदी म्हणजे 'बार्बी' आणि 'ओपनहायमर'. २१ जुलै २०२३ ला दोन्ही एकाच दिवशी आले, लोकांनी एकाच दिवशी दोन्ही पाहिले, आणि नामांकनं येईपर्यंत सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग यादीत केन म्हणजे रायन गॉस्लिंग दिसला, पण बार्बी म्हणजे मार्गो रॉबी अभिनेत्रींत नाही आणि ग्रेटा गेर्विग दिग्दर्शकांत नाही. चित्रपटात केन बार्बीचं राज्य बळकावतो, तेच कथानक यादीत उतरलं, असा विनोद तासाभरात सगळीकडे फिरला. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की दिग्दर्शकांच्या पाचांत जस्टिन त्रिए ही स्त्री आहेच, मग त्या पाचांतलं कुणाचं नाव खोडायचं ते सांगा. यावर बहुतेक वाद अडखळतात. डावललेल्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्यासाठी कोणाला उठवायचं हे विचारलं की शांतता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अकादमीने आणखी एक नियम केला. अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं असेल, तर सदस्याने त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. म्हणजे इतकी वर्षं बहुतेक विभागांत ही सक्ती नव्हती, आणि दोनच चित्रपट पाहून ठामपणे बोलणारा तो आपला मित्र तिथे सहज खपून गेला असता. आता तिथे त्याला मत नाही. आपल्या अड्ड्यावर मात्र तो यंदाही सगळ्यात आधी येऊन बसलेला असेल.