पक्षांविना निवडणूक: तुवालूची पार्श्वभूमी

पॅसिफिक महासागरातल्या तुवालूची लोकसंख्या साधारण ११ हजार, जमीन जेमतेम २६ चौरस किलोमीटर. संसदेत १६ खासदार आणि सगळेच्या सगळे अपक्ष. पक्ष काढायला बंदी नाही, पण ते तिथे कधी रुजले नाहीत.

या देशाचं मूळ ब्रिटिश काळात आहे. तेव्हा एलिस बेटं म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख गिल्बर्ट बेटांना (आजचं किरिबाती) जोडलेला होता. गिल्बर्टी लोक संख्येने कितीतरी जास्त. स्वराज्य आलं की आपली गळचेपी होणार, ही एलिसवाल्यांची धास्ती. १९७४च्या सार्वमतात ३,७९९ मतं वेगळं होण्याच्या बाजूने पडली, विरोधात अवघी २९३. वाटणीत एक जहाज मिळालं. फॉस्फेटच्या उत्पन्नातला वाटा मात्र नाही. १ ऑक्टोबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला.

पक्षाची जागा तिथे बेटाने घेतली आहे. आठ मतदारसंघ, प्रत्येकी दोन खासदार. उमेदवार कोणाच्या घरातला, बेटावरच्या ज्येष्ठांच्या सभेत त्याला किती मान, यावर बरंच ठरतं. जाहीरनाम्याची गरज कोणाला? खरी जुळवाजुळव निकालानंतर सुरू होते, कारण पंतप्रधान खासदारांच्या गुप्त मतदानातून निवडला जातो.

ती दरवेळी जमतेच असं नाही. १९९३मध्ये तेव्हाच्या १२ सदस्यांच्या संसदेत पंतप्रधानपदाचे दावेदार पुआपुआ आणि पायेनिऊ यांना सहा-सहा मतं पडली, फेरमतदानातही तेच. शेवटी संसद विसर्जित करून पुन्हा निवडणूक घ्यावी लागली आणि पंतप्रधान झाले तिसरेच, कमुटा लातासी. व्हिप नाही, त्यामुळे पक्षांतराचा प्रश्नच नाही. एक-दोघे सरकले की सरकार गेलं.

२०१३चा पेच याहून बिकट होता. अर्थमंत्र्यांच्या निधनामुळे नुकुफेताऊ बेटाची जागा रिकामी झाली. पंतप्रधान विली तेलावी यांनी पोटनिवडणूक लांबवली. ती अखेर जूनमध्ये झाली आणि विरोधकांनी जिंकली. बहुमत गेलं हे उघड होतं, तरी तेलावी संसद बोलवेनात. गव्हर्नर जनरल इयाकोबा इटालेली यांनी ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून दूर केलं आणि एनेले सोपोआगा पंतप्रधान झाले. सोपोआगांनाही २०१९च्या निवडणुकीनंतर कौसेआ नतानो यांनी १० विरुद्ध ६ मतांनी हरवलं.

२६ जानेवारी २०२४ला खुद्द नतानो फुनाफुटीची आपली जागा गमावून बसले. त्याआधी काही दिवस शेजारच्या नाऊरूने तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले होते आणि तुवालूचे संबंधही तैवानशीच होते, त्यामुळे एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या या निकालाकडे तैपेई, बीजिंग आणि कॅनबेरा, तिघांचं लक्ष होतं. त्यांना महिनाभर थांबावं लागलं. खराब हवामानामुळे बाहेरच्या बेटांवरचे खासदार बोटीने राजधानीत पोचूच शकत नव्हते. २६ फेब्रुवारीला माजी ॲटर्नी जनरल फेलेती तेओ यांची बिनविरोध निवड झाली; तैवानशी संबंध त्यांनी कायम ठेवले.