महाविद्यालयीन पूर्वतयारीचे मापन

बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास कितपत पेलतो आणि त्यात त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाचा वाटा किती, हे तपासण्याची पद्धत. अमेरिकेत हायस्कूलांबाबत असे मापन रुळलेले आहे. किती जणांनी कॉलेजात प्रवेश घेतला, किती जणांना आधी पूरक वर्गात बसावे लागले, दुसऱ्या वर्षापर्यंत किती टिकले, हे तिथे पाहिले जाते. १९९३मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसकडे महाविद्यालयांकडून आलेल्या प्रवेशाच्या नोंदी असतात, त्यामुळे शाळेला आपले विद्यार्थी पुढे कुठे गेले ते कळते.

पुण्यात फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयात अकरावीचे आणि पदवीचे वर्ग एकाच आवारात भरतात. तरीही बारावीची परीक्षा राज्य मंडळाची आणि पदवीची विद्यापीठाच्या व्यवस्थेतली, म्हणून दोन्हीकडचे गुण एकत्र मांडले जात नाहीत. मग कनिष्ठ महाविद्यालयाची पारख बारावीच्या निकालावर होते, आणि ती फार तोकडी आहे. २०२५मध्ये राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला. दहातली नऊ मुले उत्तीर्ण होत असतील, तर त्या आकड्यावरून दोन महाविद्यालयांतला फरक फारसा दिसत नाही. २०२१मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावीचे गुण ३०:३०:४० या प्रमाणात धरले गेले आणि निकाल ९९.६३ टक्क्यांवर गेला. ते वर्ष तुलनेतून वगळायला हवे.

सीईटी या प्रवेश परीक्षेचा पर्सेंटाइल परीक्षेला बसलेल्यांमधले स्थान सांगतो, विषय किती समजला ते नाही. शिवाय ते श्रेय कोणाचे? कॉलेज आणि खासगी क्लास यांच्या इंटिग्रेटेड व्यवस्थेत नाव कॉलेजच्या पटावर असते आणि शिकवणे क्लासमध्ये होते. प्रॅक्टिकल न करता जर्नल पूर्ण झालेला विद्यार्थी एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) प्रयोगशाळेत उभा राहिला की अडतो. ही उणीव कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही, आणि तिचे ओझे त्या मुलावरच पडते.

खरे मापन प्रवेशाच्या वेळच्या गुणांपासून सुरू व्हायला हवे. अकरावीचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होत असल्याने ही माहिती हाताशी असते. दहावीला ९५ टक्के मिळवलेल्यांना घेऊन ९० टक्क्यांवर आणणारे कॉलेज आणि ६० टक्केवाल्यांना पदवीच्या पहिल्या सत्रात सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याइतके तयार करणारे कॉलेज, यांत दुसऱ्याचे काम मोठे आहे. कटऑफची यादी मात्र पहिल्याचेच नाव वर ठेवते. म्हणून सारखे गुण घेऊन आलेल्यांचीच आपसांत तुलना करावी: पहिल्या सत्राचे गुण, एटीकेटी लागलेले (नापास होऊनही पुढच्या वर्गात जाऊ दिलेले) विषय, गणितात राहिलेले, मध्येच कॉलेज सोडलेले. मराठी माध्यमातून येऊन अकरावी विज्ञानाला इंग्रजी पुस्तके हाती घेणाऱ्यांचा गट वेगळा पाहणे गरजेचे आहे. त्यांची घसरण पुष्कळदा विषयाची नसून भाषेची असते.

अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक शाळेपासून पदवीपर्यंत एकच राहणार असल्याने ही साखळी जोडणे आता शक्य आहे. लहान महाविद्यालयांबाबत मात्र एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. तुकडीत ४० विद्यार्थी असतील तर चौघांच्या नापास होण्याने निकाल १० टक्क्यांनी हलतो. तिथे तीन वर्षांची सरासरी घेणे योग्य.